जुन्या मित्रांबरोबर गंभीर सिनेमा थिएटरात बघायचा तर: तारीख ठरवण्यापासून निरोप घेईपर्यंत

ग्रुपवर कुणीतरी ट्रेलर टाकतं. सात-आठ अंगठे येतात. ‘या वेळी जायचंच’ असं दोघं लिहितात. मग एकाला शनिवार जमत नाही, दुसरीला रविवार, तिसरा म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात पिक्चर उतरलेला असतो. कधी जाणं होतंही, पण एक जण वीस मिनिटं उशिरा पोचतो, दोघांना कडेच्या खुर्च्या मिळतात, पिक्चर संपल्यावर पार्किंगमध्येच ‘चला, भेटू परत’ होतं. घरी आल्यावर वाटतं, आपण भेटलो तरी कुठे?

माझ्या दोन जुन्या ग्रुपांत हे इतक्या वेळा झालं की शेवटी मी कागद घेऊन बसले आणि कुठे बिघडतं ते लिहून काढलं. बहुतेक वेळा क्रम चुकलेला होता. आपण आधी सिनेमा ठरवतो आणि माणसं, तारीख, जागा, नंतरच्या गप्पा या सगळ्यांना त्याच्या मागे फरफटत नेतो. खाली दिलेल्या क्रमात सिनेमा तिसऱ्या पायरीवर येतो. तो तिथेच राहू द्या.

गंभीर सिनेमा म्हणजे माणसांचा, नात्यांचा, एखाद्या कठीण निर्णयाचा सिनेमा. मारधाडीचा किंवा विनोदी पिक्चर कसाही, कुणाहीबरोबर बघितला तरी चालून जातो. याचं तसं नाही. तो बघताना काहीतरी आत हलतं, आणि शेजारी तुम्हाला शाळा-कॉलेजपासून ओळखणारी माणसं असतात. म्हणून तयारी जास्त लागते.

## पायरी १: माणसं ठरवा, आणि एकेकाला वेगळं विचारा

तीन ते पाच जण बरे. चार सगळ्यांत छान: एका रांगेत शेजारी शेजारी बसता येतं आणि नंतर एकच गप्पा होतात. सहा झाले की टेबलावर दोन टोकं पडतात, आणि एका टोकाला सिनेमा आणि दुसऱ्या टोकाला मुलांच्या परीक्षा असं सुरू होतं.

मोठ्या ग्रुपवर ‘कोण कोण येणार?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर कुणीच मनावर घेत नाही. ज्यांना न्यायचं त्यांना एकेकट्याला फोन करा. ‘आपण चौघं जातोय, तू हवी आहेस’ असं सरळ सांगितलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो, आणि दोन्ही उत्तरं कामाची असतात.

याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या.

- सलग किती वेळ बसवतं? पाठ, गुडघे, वारंवार बाथरूमला जावं लागणं, यांपैकी काही आहे का?
- ऐकायला किंवा दिसायला काही त्रास? चष्मा कुठला आहे, कानात यंत्र आहे का?
- सध्या पडद्यावर नको वाटेल असा काही विषय आहे का?

हे विचारायला संकोच वाटतो, कारण आपल्याला वाटतं की आपण या माणसाला ओळखतो. पण आपल्या ओळखीचा मित्र बऱ्याचदा वीस वर्षांपूर्वीचा असतो. तेव्हा तो रात्रीचा शेवटचा खेळ बघून पहाटेपर्यंत बोलत बसायचा. आज त्याला दीड तासानंतर पाय लांब करावे लागतात आणि तो ते कधीच आपणहून सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेल.

तपासा: प्रत्येकाशी प्रत्यक्ष बोलणं झालं का? ‘तो काय, येईलच’ असं गृहीत धरलेलं एकही नाव यादीत नको.

## पायरी २: तारीख आधी पक्की करा

सगळ्यांत जास्त बेत इथेच फसतात. सिनेमा ठरवून मग सगळ्यांना जमेल असा दिवस शोधायला गेलात तर तो दिवस सापडेपर्यंत सिनेमा हातचा जातो. गंभीर सिनेमाला पडदे मुळात कमी मिळतात, आणि एखादा मोठा पिक्चर लागला की त्याचे सोयीचे खेळ पहिल्यांदा जातात. दुसऱ्या आठवड्यात तो सकाळी साडेनऊला आणि रात्री पावणेअकराला उरतो.

शिवाय, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी आठवडा सुरू व्हायच्या दोन-चार दिवस आधीच कळतं. म्हणजे तीन आठवडे आधी सिनेमा आणि वेळ ठरवणं तसंही अशक्य आहे. तारीख मात्र तीन आठवडे आधी ठरवता येते. प्रौढ माणसांचा वेळ मोकळा होत नाही, तो मोकळा करून ठेवावा लागतो, आणि त्याला तेवढी मुदत लागते.

करायचं असं: दोन तारखा द्या, पाच नव्हे. उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगा. जी तारीख जास्त जणांना जमते ती घ्या आणि लगेच जाहीर करा. एकाला जमत नसेल तर त्याच्यासाठी पूर्ण बेत पुढे ढकलू नका. त्याला पुढच्या वेळचा शब्द द्या. एकदा ढकललेला बेत दुसऱ्यांदाही ढकलला जातो.

किती वेळ राखायचा हे आधीच सांगा. दोन तासांचा सिनेमा असेल तर जवळजवळ पाच तास: आधी पाऊण तास, जाहिराती आणि ट्रेलर धरून सिनेमाचे सव्वादोन-अडीच तास, नंतर दीड तास. ‘पिक्चरला जाऊ’ म्हटलं की लोक तीन तास धरतात आणि नंतरच्या वेळेत दुसरं काम लावून ठेवतात. मग नेमका बोलण्याचा वेळ कापला जातो, आणि जुन्या मित्रांबरोबर जाण्यात खरा जीव त्या वेळेत असतो.

तारीख निवडायला वाव असेल तर वर्षाच्या उत्तरार्धाकडे बघा. फ्रान्समधल्या कान शहरातला चित्रपट महोत्सव मे महिन्यात होतो, व्हेनिस आणि टोरांटोचे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात. तिथे गाजलेले सिनेमे बहुधा त्यानंतरच्या महिन्यांत थिएटरांत येतात, आणि ऑस्करच्या शर्यतीतले तर अमेरिकेत वर्षअखेर एकामागून एक लागतात. त्या काळात तारीख धरलीत तर निवडायला चांगले दोन-तीन सिनेमे बहुधा असतात.

सावधान: ‘घरबसल्या येईलच की महिन्याभरात’ असं एक जण म्हणणार. ते बरंचसं खरंही आहे. अमेरिकी स्टुडिओ पूर्वी थिएटर आणि घर यांत साधारण ९० दिवसांचं अंतर ठेवत, ते आता कित्येकदा ४५ दिवसांवर किंवा त्याहून खाली आलंय. यावर वाद घालू नका. ‘तुझ्याबरोबर बघायचाय’ एवढं सांगा.

## पायरी ३: आता सिनेमा निवडा

तारखेच्या आठवड्यात, वेळापत्रक लागलं की एका माणसाने बसून तीन नावं काढावीत. तिन्ही असे हवेत की कुणीच पाहिलेले नाहीत. ज्याने आधी पाहिलाय तो सिनेमाभर इतरांचे चेहरे बघत बसतो, आणि त्याच्या नजरेचं ओझं शेजाऱ्यावर येतं.

मतदान घेऊ नका. मतदानात दोघं हरतात आणि रुसतात, वय कितीही असो. त्याऐवजी प्रत्येकाला एक ‘नको’ द्या, कारण न विचारता. उरलेल्यांतला एक, ज्याने यादी काढली त्याने निवडावा. तिन्ही उडाले तर आणखी दोन नावं काढा. आमच्याकडे तशी वेळ फार क्वचित आली.

निवडताना तीन गोष्टी बघायच्या.

लांबी. अलीकडचे गंभीर सिनेमे लांबीला फार वेगवेगळे असतात. ‘पास्ट लाइव्ज’ किंवा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ पावणेदोन तासांच्या आसपास संपतात. ‘ओपनहायमर’ १८० मिनिटांचा आहे. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ २०६ मिनिटांचा. ‘द ब्रुटलिस्ट’ २१५ मिनिटांचा, पण त्यात दिग्दर्शकानेच १५ मिनिटांचं मध्यंतर ठेवलंय. पहिल्या पायरीवर ‘दीड तासानंतर पाय दुखतात’ असं कुणी सांगितलं असेल तर तो आकडा आता काढा. बऱ्याच काळाने भेटत असाल तर दोन तासांच्या आतलाच घ्या. तीन तासांचा सिनेमा माणसाला थकवून सोडतो, आणि थकलेली माणसं घरी जातात.

बोलायला काय उरेल. ज्या सिनेमात शेवटी सगळं सांगून टाकलेलं असतं त्यावर ‘छान होता’ यापलीकडे बोलणं जात नाही. ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये नवऱ्याचा मृत्यू अपघात, आत्महत्या की खून, हे कोर्टाच्या निकालानंतरही प्रेक्षकाला ठाम सांगितलं जात नाही. असा सिनेमा बघून चार मित्र बाहेर आले की दीड तास कमी पडतो. परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदातूनच हा अंदाज येतो. त्यापुढे वाचायची गरज नाही.

विषय. या बाबतीत मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचे वडील जाऊन पाच महिने झाले होते. मला ते माहीत होतं. मी भेटायलाही गेले होते. ‘बापलेकीच्या नात्याचा हळुवार सिनेमा’ एवढं वाचून मी तिकिटं काढली. सव्वा तासानंतर पडद्यावर हॉस्पिटलची खोली आली. कॅमेरा पलंगाशेजारच्या कपाटावर गेला. तिथे घडी करून ठेवलेला चष्मा होता, एक काच जरा डागाळलेली. माझ्या शेजारची खुर्ची वर उचलली गेल्याचा आवाज आला. मी बाहेर गेले तेव्हा ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. ‘तो चष्मा बघवला नाही गं,’ एवढंच म्हणाली. त्यांच्या घरी तिच्या वडिलांचा चष्मा मी शंभरदा पाहिला असेन, टेबलावर काढून ठेवलेला, ते आमचा अभ्यास घेत असताना.

तिला आधी दोन वाक्यांचा निरोप पाठवला असता तर पुरलं असतं: ‘यात वडिलांचं आजारपण आहे. चालेल का, की दुसरा बघूया?’ तेव्हापासून मी तो पाठवतेच. उत्तर कधी ‘नको’ येतं. कधी ‘मला बघायचाच आहे, पण कडेची खुर्ची दे’ असं येतं. आपण तिच्या वतीने ठरवायचं नाही. सांगायचं आणि विचारायचं.

सिनेमात नेमकं काय आहे ते कथा न फोडता कळायला सोप्या जागा आहेत. सिनेमांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावर सिनेमाच्या पानावर ‘पेरेंट्स गाइड’, म्हणजे त्रासदायक दृश्यांची यादी असते. ब्रिटनच्या बीबीएफसी या प्रमाणन मंडळाच्या संकेतस्थळावर कुठल्या प्रकारची दृश्यं आहेत त्याची माहिती मिळते. ‘डझ द डॉग डाय’ या संकेतस्थळावर आजारपण, मूल गमावणं, आत्महत्या, प्राण्यांचा मृत्यू अशा विषयांवर प्रेक्षकांनीच हो-नाही नोंदवलेलं असतं. हे एकानेच वाचावं आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं. बाकीच्यांना सिनेमा कोरा राहू द्या.

तपासा: भाषा कुठली? मूळ आवाजात आहे की डब केलेला? सबटायटल्स आहेत का, आणि ती कुठल्या भाषेत? एकाच सिनेमाचे एकाच दिवशी दोन वेगळे खेळ असतात आणि तिकीट काढताना ती बारीक ओळ सुटते.

## पायरी ४: खेळ निवडा

दुपारी उशिराचा किंवा संध्याकाळी लवकरचा. बाहेर आल्यावर पुढे वेळ हवा. रात्रीचा शेवटचा खेळ संपतो तेव्हा बसायच्या जागा बंद व्हायला लागलेल्या असतात, आणि ज्याला दूर जायचंय त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं.

पहिल्या दिवसाच्या मागे लागू नका. पहिल्या शनिवार-रविवारनंतरचा मधला वार मिळाला तर उत्तम: हॉल शांत असतो, हव्या त्या खुर्च्या मिळतात. मात्र दुसऱ्या आठवड्याच्या पुढे नेऊ नका.

संपायची वेळ अशी काढा: तिकिटावरची वेळ, त्यात सिनेमाची लांबी, त्यात जाहिराती-ट्रेलरची वीस मिनिटं, आणि जिथे मध्यंतर घेतात तिथे आणखी दहा-पंधरा मिनिटं. ही वेळ सगळ्यांना लिहून कळवा. घरी कुणी वाट बघणारं असतं, औषधाची वेळ असते, शेवटची गाडी असते. आधी माहीत असलं की सिनेमा चालू असताना फोन बाहेर निघत नाही.

## पायरी ५: खुर्च्या

यावर लोक सर्वांत कमी विचार करतात. ‘मागची घे, मान दुखत नाही’ एवढंच ठरलेलं असतं. थोडं बारकाईने बघूया.

पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर तीन भागांत वाटलं तर दुसरा भाग संपतो तिथली मधली जागा धरा. हॉलचा आवाज जुळवताना साधारण तीच जागा प्रमाण मानतात. फार पुढे बसलात तर मान ताठते. पडद्याच्या वरच्या कडेकडे बघायला नजर ३५ अंशांहून जास्त उचलावी लागू नये, असा थिएटर बांधणाऱ्यांचा दंडक आहे. अगदी शेवटच्या रांगेत मात्र पडदा लहान होतो, आणि गंभीर सिनेमात बरंच काही चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींत घडत असतं. ओठ जरासा थरथरला, हे तुम्हाला तिथून दिसणारच नाही.

संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून कडेला बसलेल्याला संगीत मोठं आणि बोलणं दबलेलं ऐकू येतं. वय वाढतं तसं कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली आहेत. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. त्याची तक्रार ‘पुटपुटतात नुसते’ अशी असते. त्याला मधली खुर्ची द्या, आणि शक्य असेल तर सिनेमाची भाषा कळत असली तरी सबटायटल्स असलेला खेळ निवडा. कानात यंत्र असेल तर त्यात टी-कॉइल (थिएटरातला आवाज थेट यंत्रात पकडणारी तार) आहे का आणि तिला तो आवाज पाठवणारी लूप व्यवस्था थिएटरात आहे का, हे फोन करून विचारता येतं.

आता चष्मा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेत लांबचं बघायचा भाग वर आणि वाचायचा भाग खाली असतो. मागे झुकणाऱ्या आरामखुर्चीत माणूस रेलला की हनुवटी वर जाते आणि तो नकळत खालच्या भागातून पडदा बघायला लागतो. चित्र धूसर दिसतं आणि तो प्रोजेक्टरला दोष देतो. उपाय दोन: खुर्ची पूर्ण मागे नेऊ नये, किंवा नुसता लांबचा चष्मा बरोबर आणावा. आमच्या ग्रुपमध्ये एकाने तीन सिनेमे धूसर बघितल्यानंतर हे कळलं.

कडेची खुर्ची कुणाला? ज्याला मधे उठावं लागणार आहे त्याला, पाय लांब करावे लागतात त्याला, किंवा विषय जड जाऊ शकतो त्याला. गरज दोघांना असेल तर मधल्या वाटेला लागून असलेली रांग घ्या.

सावधान: दोन रांगांत विभागून बसू नका. सलग जागा नसतील तर खेळ बदला. मागे-पुढे बसलेले मित्र एकत्र सिनेमा बघत नाहीत.

## पायरी ६: तिकिटं

एकाच माणसाने, एकाच वेळी, सगळी. प्रत्येकाला त्याचं तिकीट लगेच पाठवा, म्हणजे उशीर झाला तरी कुणी दारात अडकत नाही. पैसे त्याच दिवशी गोळा करा. जुन्या मैत्रीत ‘राहू दे रे’ होतं आणि दर वेळी तोच माणूस भरत राहतो.

## पायरी ७: खेळाच्या पाऊण तास आधी भेटा

हॉलच्या दारात भेटण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. सहा महिन्यांनी भेटलेल्या माणसांच्या पोटात खूप काही साठलेलं असतं: कुणाची बदली, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचं घर बदललं. ते बाहेर पडलं नाही तर सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात कुजबुजीतून बाहेर पडतं. म्हणून आधी पाऊण तास मोकळं बोला. त्या वेळात सिनेमाचं नाव काढू नका.

दहा मिनिटं राहिली की बाथरूम, मग आत. हॉलमध्ये दिवे असतानाच बसा. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि वयानुसार हा वेळ वाढतो. अंधारात पायऱ्या चढताना पडण्याचा धोका खरा आहे.

उशीर करणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्यासाठी बाहेर थांबायचं नाही. त्याच्याकडे तिकीट आहे, त्याची खुर्ची कडेची ठेवा, आणि बाकीचे वेळेवर आत जा. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तो लवकर येतो.

तपासा: फोन बंद किंवा पूर्ण शांत, आणि मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा उजेडही. हात हलला की ते घड्याळ पेटतं आणि चार रांगांना दिसतं.

## पायरी ८: आत

पहिली पाच मिनिटं तांत्रिक बाजूकडे लक्ष द्या. सबटायटल्सची कड धारदार दिसते का? चित्र कुठे कापलं जातंय का? संवाद संगीतापेक्षा खूपच हळू येताहेत का? हॉलचा एखादा दिवा चालू राहिलाय का? काही चुकत असेल तर एकाने लगेच उठून सांगावं. ‘होईल ठीक’ म्हणत बसलेले लोक दोन तास तसाच सिनेमा बघतात.

शेजाऱ्याने ‘हा कोण? मघाचाच का?’ विचारलं तर त्याच्या हातावर हात ठेवा, उत्तर देऊ नका. पुढच्या पाच-दहा मिनिटांत सिनेमा स्वतःच सांगतो. तुम्ही सांगायला गेलात तर दोघांचंही पुढचं वाक्य सुटतं.

कुणी रडत असेल तर वळून बघू नका. रुमाल पुढे सरकवायलाही घाई नको. अंधाराने त्या माणसाला आडोसा दिलाय, तो राहू द्या. कुणी उठून गेलं तर पाच मिनिटं थांबा. परत आलं नाही तर एकानेच बाहेर जावं. सगळी रांग उठून गेली तर त्या माणसाला अपराधी वाटतं.

## पायरी ९: दिवे लागल्यावर

श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. पाच-सात मिनिटं लागतात. त्या वेळात नाक-डोळे पुसले जातात, श्वास जागेवर येतो, आणि कुणाला तोंड लपवून बाहेर पळावं लागत नाही.

उठताना ‘कसा वाटला?’ हा प्रश्न टाळा. त्यावर माणूस निकाल देतो, आणि एकदा दिलेला निकाल मग तो लढवत बसतो. जुन्या मित्रांत हे जास्त होतं, कारण प्रत्येकाची जुनी भूमिका ठरलेली असते: हा नावं ठेवणारा, ती सगळ्याला छान म्हणणारी, तो मधे कोट्या करणारा. दारातच हा प्रश्न आला की सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. बसायच्या जागेपर्यंत चालत जा आणि चालताना गप्प राहिलात तरी चालेल.

सावधान: बसायची जागा आधी ठरलेली हवी, दहा मिनिटांच्या चालण्यावर, एकमेकांचं ऐकू येईल इतकी शांत. ‘बघू कुठे जायचं ते’ म्हणत फुटपाथवर उभे राहिलात की पहिला माणूस पाच मिनिटांत निघतो.

## पायरी १०: गप्पा

पहिला प्रश्न हा ठेवा: ‘तुझ्या डोळ्यांसमोर कुठलं दृश्य राहिलंय?’ एकेकाने सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही. एकाच सिनेमातली चार वेगळी दृश्यं निघतात. एकदा आमच्यातल्या सगळ्यांत अबोल मित्राने एक दृश्य सांगितलं: मुलगा घर सोडून जातो आणि बाप त्याची सायकल पुसून ठेवतो. ते आम्हा तिघींच्या लक्षातही राहिलं नव्हतं. मग तो थांबला आणि म्हणाला, ‘माझा पोरगा जूनमध्ये गेला. मी पण तेच करत होतो.’ तीस वर्षांच्या मैत्रीत त्याने स्वतःबद्दल इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. फक्त दृश्य विचारलं होतं.

दुसरा प्रश्न: ‘तू त्या जागी असतास तर?’ इथे वाद होतो आणि व्हावा. तिसरा, सगळ्यांत शेवटी: आवडला का. तोपर्यंत तो प्रश्न फारसा महत्त्वाचा राहिलेला नसतो.

कुणी अनुभव सांगायला लागलं तर सल्ला देऊ नका आणि लगेच स्वतःचा अनुभव जोडू नका. सिनेमाकडे परत वळायची घाईही नको. उलट, कुणाला सिनेमाच्या कॅमेऱ्याबद्दल, संगीताबद्दलच बोलायचं असेल तर तेही पूर्ण बोलणंच आहे. त्याला ‘मनातलं सांग’ म्हणून खेचू नका.

फोन या दीड तासातही खिशात. नटाचं नाव आठवेना म्हणून एकाने फोन काढला की दुसरा मेसेज बघतो, आणि बैठक तिथे मोडते. नाव उद्या आठवेल.

उठण्याआधी पुढची तारीख घ्या, नुसती तारीख, सिनेमा नको. सगळे समोर असतात तेव्हा दोन मिनिटांत जमते. ग्रुपवर दोन आठवडे लागतात.

आणि ज्याला या वेळी जमलं नाही त्याला त्याच रात्री फोन करा. कोण आलं होतं, काय बोलणं झालं ते सांगा. शेवट सांगू नका. तो म्हणेल, ‘सांग ना, मी काही आता जाणार नाही.’ तरी सांगू नका. दुसऱ्या आठवड्याचे खेळ अजून असतील, आणि तुमच्यातला कुणीतरी त्याच्याबरोबर परत जाईल.